बी.कॉम., बीबीए, एमबीए झाल्यानंतरची पहिली पाच वर्षे: भांडवल कशाचे जमवावे?

खतावणी (धागाकर्ता)

नमस्कार. चाकण परिसरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी लेखा व वित्त विभाग सांभाळतो. विभागात नवीन माणूस घ्यायचा झाला की मुलाखतीला मला बसावे लागते आणि वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी घेतलेली बरीच मुले-मुली समोर येतात. पदवीत काय शिकलो हे त्यांना नीट सांगता येते. मात्र पदवीनंतरच्या दोन-तीन वर्षांत काय कमावले असे विचारले की उत्तर पगाराच्या आकड्यापाशी येऊन थांबते. उत्पन्न आणि भांडवल यांतला फरक ताळेबंद शिकलेल्या मुलांना समजावून सांगावा लागू नये, पण स्वतःच्या बाबतीत तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नोकरी सोडताना जे आपल्याबरोबर बाहेर पडते आणि पुढच्या ठिकाणी ज्याला किंमत येते, तेवढेच माझ्या लेखी करिअरचे भांडवल आहे. त्याविषयी इथल्या जाणत्या मंडळींशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

मुलाखतीत मी एक साधा प्रश्न विचारतो. पुरवठादाराने ३० मार्चला बिल केले आणि माल ३ एप्रिलला आपल्या फाटकातून आत आला, तर मार्चअखेरच्या हिशेबात काय दाखवाल? पुस्तकातले उत्तर बहुतेकांना येते. पण मालाची जोखीम नेमकी कधी आपल्याकडे आली हे खरेदीच्या अटींवर ठरते, आणि जीएसटीची वजावट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वळता करणे) मात्र माल प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून एकाच बिलाची दोन उत्तरे निघू शकतात. हे ज्याला ठाऊक असते तो उत्तर देण्याआधी मलाच उलट विचारतो, की खरेदीची अट काय होती. असा उलट प्रश्न विचारणारा उमेदवार कुठल्या महाविद्यालयातून आला हे मी नंतर पाहतो, आणि खरे सांगायचे तर कधी कधी पाहायचे राहूनही जाते.

ही समज बहुधा लहान किंवा मध्यम उद्योगात लवकर येते, कारण तिथे महिना पूर्ण दिसतो. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१ (आपल्या विक्रीचे विवरणपत्र), चौदाला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांच्या बिलांवरून पोर्टलने काढलेला वजावटीचा तक्ता) तयार झाले की ते खरेदीच्या वहीशी ताडून पाहायचे, पंधराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कामगार राज्य विमा), वीसला जीएसटीआर-३बी (महिन्याचा कर भरण्याचे विवरणपत्र). या तारखांच्या मधल्या दिवसांत बँकेला स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचा तक्ता), ग्राहकांकडे थकलेल्या पैशांचा पाठपुरावा आणि कोणाला आधी पैसे द्यायचे यावरून मालकांशी होणारी रोजची घासाघीस. पैसा कुठून येतो, कुठे अडकतो आणि कशामुळे सुटतो हे एकाच टेबलावर बसून पाहायला मिळते.

एक उदाहरण देतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये २०२३ च्या वित्त कायद्याने (एच) हे पोटकलम घातले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यातील मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकती केली नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे देऊ त्याच वर्षी वजा मिळतो. मार्च २०२४ मध्ये अनेक कारखान्यांत यावरून पळापळ झाली. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका बी.कॉम. मुलीने कोणी न सांगता सर्व पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रे (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचे दाखले) मागवली, त्यांतून मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापारी वेगळे काढले, कारण हे पोटकलम त्यांना लागू होत नाही, आणि उरलेल्यांची देणी किती दिवसांची आहेत याची यादी तयार केली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणते धनादेश आधी काढायचे हे त्या यादीवरून ठरले. पुढे ती अधिक पगारावर दुसरीकडे गेली तेव्हा तिच्या नव्या साहेबांनी मला फोन करून विचारले आणि मी पाच मिनिटे मनापासून बोललो. तिचे भांडवल ते हेच, असे मी समजतो: ज्याचा परिणाम दुसऱ्याला तपासता येतो असे काम, आणि त्या कामाबद्दल आपणहून बोलणारा माणूस.

त्यामुळे माझे मत असे बनले आहे की पहिली नोकरी निवडताना किती मिळेल यापेक्षा काय पाहायला मिळेल याला अधिक वजन द्यावे. आपापल्या क्षेत्रांतला अनुभव वेगळा असेल तर तो वाचायला मला आवडेल.

---

दौऱ्यावर

खतावणीसाहेब, तुम्ही लेखा विभागाच्या टेबलावरून लिहिले आहे. मी रस्त्यावरून लिहितो. मार्केटिंगमध्ये एमबीए केल्यावर मला ब्रँड मॅनेजर व्हायचे होते. वर्गातल्या सगळ्यांनाच ते व्हायचे होते. प्रत्यक्षात मिळाले ते रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीत सेल्स ऑफिसरचे पद आणि जळगाव-भुसावळ-चाळीसगाव हा पट्टा. आज मागे वळून पाहता माझे सगळे भांडवल त्या पट्ट्यातच तयार झाले, आणि ते भाषण करण्याच्या कलेत नसून वितरकाचा हिशेब त्याच्याइतकाच समजण्यात होते.

समजा, एका वितरकाच्या गोदामात १२ लाखांचा माल आहे, बाजारात १० लाखांची उधारी आहे आणि कंपनीकडे ३ लाखांचे क्लेम (स्कीमपोटी वगैरे कंपनीकडून परत मिळायच्या रकमा) अडकले आहेत. म्हणजे त्याचे २५ लाख गुंतले. महिन्याला ४० लाखांची विक्री आणि ५ टक्के मार्जिन धरले तर हाती २ लाख येतात. गाडी, पोरांचे पगार, गोदामाचे भाडे असे १ लाख ४० हजार गेले की ६० हजार उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर महिन्याला २.४ टक्के. आता महिनाअखेरीला टार्गेट गाठण्यासाठी मी त्याच्या गोदामात ८ लाखांचा जादा माल कोंबला आणि दुकानांतली विक्री तेवढीच राहिली, तर त्याचे गुंतलेले पैसे ३३ लाख होतात आणि परतावा १.८ टक्क्यांवर येतो. माझे टार्गेट झालेले असते, पण वितरक पुढच्या वर्षी एजन्सी सोडायच्या विचारात असतो.

हा हिशेब वितरकासमोर बसून, त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडता आला की तो तुमच्याशी खरे बोलू लागतो. कोणती स्कीम दुकानदारापर्यंत पोहोचतच नाही, कोणत्या लाइनवर पोरगा जातच नाही आणि घरी बसून ऑर्डर भरतो, प्रतिस्पर्धी कंपनी किती दिवसांची उधारी देते, हे सगळे मग आपोआप कळते. पुढे मी कृषी निविष्ठांच्या कंपनीत गेलो. उत्पादन बदलले, हंगाम बदलला, उधारीची मुदत पीक विकून पैसे हाती येईपर्यंत लांबली. हिशेबाची रीत मात्र तीच राहिली. मुलाखतीत मला टार्गेट किती टक्के गाठले असे कोणी विचारले नाही. माझ्या भागातले किती वितरक टिकले, हे विचारले गेले.

नव्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे की विक्रीच्या नोकरीला कमी लेखू नका, पण ज्या नोकरीत फक्त फोनवरून विमा किंवा अभ्यासक्रम गळ्यात मारायचा असतो आणि ग्राहकाचा व्यवसाय कधीच दिसत नाही, तिथे वर्षभरापेक्षा अधिक काळ थांबू नका.

---

गोदाकाठ

मूळ लेख वाचताना चांगला वाटतो, परंतु त्यातील मुख्य शिफारशीशी मी सहमत नाही, आणि असहमतीचे कारण सविस्तर मांडते.

लहान कार्यालयात पूर्ण महिना दिसतो हे सज्जन वरिष्ठ मिळाला तर खरे आहे. नाशिकमध्ये माझ्या बरोबरच्या कितीतरी बी.कॉम. मुली कर सल्लागारांच्या आणि दुकानदारांच्या कार्यालयांत लागल्या. तिथे त्यांना वर्षानुवर्षे टॅलीमध्ये बिले चढवण्याचे काम मिळाले. बँकेशी बोलणे, विवरणपत्रे अंतिम करणे, नोटिशीला उत्तर देणे ही कामे साहेबांच्या केबिनमध्ये व्हायची आणि दार बंद असायचे. पगार इतका तुटपुंजा की प्रवासभाडे आणि डबा वजा जाता घरी काही देता येत नसे. किती मिळेल याला कमी वजन द्यावे, हा सल्ला ज्यांच्या घरी दुसऱ्या कोणाचा तरी पगार येतो त्यांना परवडतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. माझ्यासाठी कोणाला फोन करणारे काका-मामा नव्हते. अशा मुलीच्या कागदावर ओळखीचे नाव असणे हाच मुलाखतीच्या दारात शिरण्याचा परवाना असतो, कारण अर्ज आधी मनुष्यबळ विभागाच्या चाळणीतून जातात आणि त्या चाळणीला उलट प्रश्न विचारण्याची हुशारी दिसत नाही.

मी पुण्यात एका परदेशी कंपनीच्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे तिच्या अनेक शाखांचे हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या कार्यालयात, लागले. काम अरुंद होते, हे मान्य करते. पुरवठादारांची बिले तपासून देणी काढणे, ज्याला तिथे पी टू पी म्हणतात, एवढेच सुरुवातीला माझ्याकडे होते. मात्र त्या अरुंद कामातही काही गोष्टी हाडात मुरल्या. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, हा नियम कोणासाठीही मोडायचा नाही. प्रत्येक फरकाला लेखी कारण असायलाच हवे. महिना संपल्यावर ठरलेल्या कामाच्या दिवशी पुस्तके बंद म्हणजे बंद. लहान उद्योगात ही शिस्त अपवादानेच दिसते आणि तिचीही बाजारात किंमत होते. दीड-दोन वर्षांनी अंतर्गत बदलीतून मी आर टू आर, म्हणजे खतावणीपासून अहवालापर्यंतच्या कामात गेले, आणि त्यानंतर मला चित्र पूर्ण दिसू लागले. आधी नाव, मग रुंदी, हा क्रमही चालतो असे माझे म्हणणे आहे.

---

खतावणी

गोदाकाठताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि बंद दाराचे वर्णन तर अगदी नेमके आहे. मग निकष थोडा वेगळ्या शब्दांत मांडतो. संस्था लहान की मोठी हे बाजूला ठेवू. या वर्षीचे काम गेल्या वर्षीच्या कामापेक्षा वेगळे आहे का, हे दर मार्चला स्वतःला विचारावे. तुमच्या बाबतीत उत्तर होकारार्थी होते म्हणून ती अरुंद नोकरी फळली. ज्या मुली बिले चढवत राहिल्या त्यांच्या बाबतीत ते नकारार्थी होते, आणि ते पहिल्याच वर्षी दिसत असणार.

बिले चढवण्याच्या कामाविषयी आणखी एक गोष्ट लिहायला हवी. ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झाले आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना लागू झाले. बिलाची माहिती पोर्टलवर तयारच असते, त्यामुळे ती पुन्हा हाताने टंकण्याची गरज वेगाने संपत चालली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिमही आली. त्यात पुरवठादाराने चढवलेले बिल स्वीकारायचे, नाकारायचे की प्रलंबित ठेवायचे एवढे ठरवायचे असते. ते ठरवण्यासाठी माल आला का, दर ठरल्याप्रमाणे आहे का, नाकारलेल्या नगांची डेबिट नोट (तेवढी रक्कम कापल्याची चिठ्ठी) निघाली का, हे गोदाम आणि खरेदी विभागाला जाऊन विचारावे लागते. टंकलेखन जाईल आणि विचारपूस राहील, असे मला दिसते. विचारपूस करणाऱ्यांत स्वतःची गणना व्हावी यासाठी नवख्याने साहेबांच्या केबिनबाहेर थांबून न राहता गोदामात जावे. तिथे सहसा दार नसते.

---

सहकारभूषण

साताऱ्याकडे आम्ही सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करतो. चर्चेत पुणे, चाकण आणि बहुराष्ट्रीय कंपन्या आल्या, पण महाराष्ट्रातल्या वाणिज्य पदवीधरासाठी गावाजवळच पडून असलेल्या एका मार्गाचा उल्लेख आला नाही, म्हणून हा प्रतिसाद.

सहकार खात्यातर्फे जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका) ही परीक्षा घेतली जाते. कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला बसू शकतो, नोकरी सांभाळून अभ्यास होतो आणि शुल्क खासगी अभ्यासक्रमांच्या तुलनेत नगण्य असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये प्रमाणित लेखापरीक्षकाची जी व्याख्या आहे तिच्यात पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे व्यवहारज्ञान यांचा समावेश आहे. मराठी येणे हीसुद्धा पात्रता ठरावी असा व्यवसाय शहरातल्या मुलांना सहसा ठाऊक नसतो.

पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था, पगारदारांच्या पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था या सर्वांचे दरवर्षी लेखापरीक्षण होते आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. म्हणजे उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत कामाचा लोंढा असतो आणि अनुभवी लेखापरीक्षकांना हाताखाली माणसे हवीच असतात. पतसंस्थेची कर्ज फाइल वाचताना तारण काय, जामीनदार कोण, त्याच जामीनदाराची इतर किती कर्जांवर सही आहे, संचालकाच्या नातेवाइकाला दिलेले कर्ज कोणत्या सभेत मंजूर झाले, हे पाहायची सवय लागते. पुढे बँकेत किंवा वित्त कंपनीत कर्ज तपासणीच्या कामासाठी हीच नजर लागते, आणि ती वर्गात बसून येत नाही.

जाता जाता सीएच्या मुलांसाठीही दोन शब्द लिहितो. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचे सक्तीचे प्रशिक्षण) तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. जी मुले फायनलला अडकतात त्यांना घरचे आणि शेजारचे अपयशी ठरवून मोकळे होतात. इंटर उत्तीर्ण आणि आर्टिकलशिप पूर्ण अशा मुलांसाठी सेमी क्वालिफाइड या नावाने स्वतंत्र जागा निघतात. त्या वर्षांत कोणकोणत्या उद्योगांची लेखापरीक्षणे केली आणि कोणती त्रुटी स्वतः शोधली, हे ज्याने वहीत टिपून ठेवले त्याला मुलाखतीत बोलायला पुष्कळ असते. ज्याने फक्त अभ्यासाच्या सुट्टीकडे डोळे लावले त्याला नसते.

---

पेठेतला_विद्यार्थी

माझा प्रश्न थोडा अवघड जागचा आहे. बी.कॉम. नंतर मी पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी केली आणि त्यात काही वर्षे गेली. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, पुढे झाले नाही. आता खासगी नोकरीसाठी अर्ज करताना ती वर्षे कागदावर रिकामी दिसतात. तिथे काय लिहावे?

---

गोदाकाठ

जे केले तेच लिहा. त्या रकान्यात स्वतःचा व्यवसाय वगैरे लिहिणारे उमेदवार दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडतात, आणि मग त्यांच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा देणाऱ्याला अर्थव्यवस्था, कायदा आणि अर्थसंकल्प यांचे वाचन असते आणि मराठी-इंग्रजी दोन्हींत बरे लिहिता येते. अनुपालन (कायदे-नियम पाळले जातात का हे पाहणे), सीएसआर (कंपनीचे सामाजिक दायित्व), निविदा प्रक्रिया किंवा सरकारी अनुदानाचे काम असलेल्या विभागांना अशी माणसे उपयोगी पडतात. मात्र प्रत्यक्ष कामाचा पुरावा तुमच्याकडे नाही, तो सहा महिन्यांत कसा उभा करता येईल एवढाच प्रश्न ठेवा. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली तेव्हा तिच्यात पदवीधरांना सहा महिन्यांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले होते. अशा योजनेतील जागा किंवा कोणतीही शिकाऊ जागा मिळाली तर ती वयाने लहान मुलांबरोबर करावी लागेल म्हणून नाकारू नका.

---

डोंबिवली_फास्ट_लोकल

मी तेवीस वर्षांचा आहे. बीएमएस (फायनान्स) झाल्यावर ठाण्यात एका ब्रोकिंग कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये काम करतो. घरचे म्हणतात एमबीए कर, कर्ज काढू. एका खासगी संस्थेत प्रवेश मिळतो आहे, दोन वर्षांचा खर्च १२ लाखांच्या आसपास जातो. इथल्या चर्चेप्रमाणे विचार केला तर एमबीए हे भांडवल आहे की खर्च, हे मला ठरवता येत नाही.

---

खतावणी

आधी हप्ता मांडून पाहा. १२ लाखांचे कर्ज, १०.५ टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे २०,२०० रुपये येतो. शिकतानाच्या दोन वर्षांचे व्याज मुद्दलात मिळवले तर त्याहून अधिक. हा हप्ता ठरला की पहिली नोकरी निवडण्याचे स्वातंत्र्य तेवढ्यापुरते संपते. दौऱ्यावर यांनी सांगितलेला भुसावळचा पट्टा किंवा सहकारभूषण यांचे लेखापरीक्षण तुम्हाला परवडणार नाही. जी कंपनी सर्वांत जास्त आकडा देईल तिकडे जावे लागेल, मग तिथे शिकायला काही असो वा नसो. नको असलेल्या कामाला नाही म्हणता येणे, यासाठी हाताशी काही महिन्यांचा खर्च शिल्लक असणे, हाही भांडवलाचाच भाग आहे, आणि कर्ज त्याच्या बरोबर उलट दिशेने खेचते.

म्हणून एमबीए करू नये असे मी म्हणणार नाही. जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून मुंबईत उभी आहे, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था १९८३ पासून आहे, आणि दोन्हींचे दार राज्याच्या सीईटीतून उघडते. अशा ठिकाणी बरोबरचे विद्यार्थी आणि आधीच्या तुकड्या हीच मोठी मिळकत असते. तुम्हाला मिळणारी संस्था त्या तोडीची आहे का, हे तिच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. प्लेसमेंटच्या अहवालात सरासरी पगार पाहू नका, मधला पगार विचारा, कारण दोन-चार मोठ्या आकड्यांनी सरासरी फुगते. किती विद्यार्थी प्लेसमेंटला बसले आणि किती जणांना विक्रीची पदे मिळाली हेही विचारा. मग तीन वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना गाठा आणि त्यांना आज कोणते काम करावे लागते ते समजून घ्या. संस्था हे सांगायला टाळाटाळ करत असेल तर ते उत्तरच समजा.

---

बर_दुबई

मूळचा रत्नागिरीचा, दुबईत लेखा विभागात आहे. आखातात येऊ पाहणाऱ्या वाणिज्य पदवीधरांसाठी थोडे लिहितो, कारण इकडे नुसत्या पदवीवर मिळणारी नोकरी बहुधा कॅशियर किंवा डेटा एंट्रीची असते.

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लागू झाला. तोपर्यंत इथल्या व्यापाऱ्यांना कर-बीजक हा प्रकारच नवा होता. भारतात त्याच्या सहा महिने आधी, १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला होता आणि त्याचा सगळा गोंधळ ज्यांनी हाताने निस्तरला होता त्यांना इथे एकाएकी मागणी आली. पुढे १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ३ लाख ७५ हजार दिरहमांवरील नफ्याला ९ टक्के कॉर्पोरेट कर लागला, आणि वर्षानुवर्षे अंदाजपंचे ठेवलेली पुस्तके लेखापरीक्षणायोग्य करण्याचे काम निघाले. नवा कायदा येतो तेव्हा जुने जाणकारही नवखेच असतात. त्या वर्षात मूळ कायदा वाचून काम करणारा पंचविशीतला मुलगा पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसाच्या बरोबरीला येऊन बसतो. भारतात नव्या प्राप्तिकर कायद्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, तिथेही हेच घडेल असा माझा अंदाज आहे.

दुसरे म्हणजे आयात-निर्यातीची कागदपत्रे. लेटर ऑफ क्रेडिटमधल्या (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रातल्या) अटी आणि आपले बीजक, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती), विमापत्र यांत एका शब्दाची तफावत असली तरी बँक पैसे रोखते. ही कागदपत्रे पहिल्याच फेरीत बिनचूक करणारा माणूस मालकाला सोडवत नाही. आणि व्यवहाराचे म्हणाल तर पदवी प्रमाणपत्राचे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास असे साक्षांकन तिकडेच उरकून या. इथून ते करताना जीव मेटाकुटीला येतो.

---

दौऱ्यावर

साक्षांकनावरून आठवले म्हणून नव्या मुलांसाठी एक इशारा. काही मालक सेवाबंधाच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराच्या) नावाखाली मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात. ती देऊ नका. छायांकित प्रती द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या. आज ना उद्या दुसरीकडे जायची वेळ येतेच, आणि तेव्हा तुमचे कागद दुसऱ्याच्या कपाटात असतील तर वर चर्चिलेल्या कोणत्याच भांडवलाचा उपयोग होत नाही.

---

डोंबिवली_फास्ट_लोकल

सर्वांचे मनापासून आभार. एमबीएचा निर्णय एक वर्ष पुढे ढकलून सीईटी नीट देऊन पाहावी असे आता वाटते. पण अजून एक अडचण आहे. मी जे काम करतो ते गोपनीय असते. ग्राहकांची माहिती किंवा कंपनीच्या फाइली बाहेर नेता येत नाहीत आणि नेऊ नयेत. मग तपासता येईल असे काम मुलाखतीत दाखवायचे कसे?

---

गोदाकाठ

कंपनीची एकही ओळ बाहेर नेऊ नका. नावे खोडूनसुद्धा नको. सार्वजनिक माहितीवर स्वतःचे काम उभे करा.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये झालेल्या बदलामुळे १ एप्रिल २०२१ पासून येणी आणि देणी किती जुनी आहेत याचा तक्ता अहवालात द्यावा लागतो. सहा महिन्यांच्या आतली, एक वर्षापर्यंतची, तीन वर्षांहून जुनी, वादातली आणि बिनवादाची अशी वर्गवारी असते. पंप किंवा ओतकाम क्षेत्रातल्या तीन कंपन्या घ्या. त्यांचे लागोपाठच्या वर्षांचे हे तक्ते एका शीटमध्ये मांडा. विक्री वाढली तेव्हा जुनी येणीही वाढली का, बुडीत रकमेची तरतूद त्याच प्रमाणात केली का, सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवली आहेत त्यांत थकबाकी किती, एवढेच तपासा. कुठे आकडा खटकला तर त्या कंपनीच्या विश्लेषकांबरोबरच्या बैठकीची नोंद वाचा, तिथे कोणी ना कोणी तो प्रश्न विचारलेला असतो.

दोन पानांच्या टिपणात निष्कर्ष लिहा, त्याची एक प्रत तुमच्या साहेबांना नेऊन द्या आणि त्यांचे मत मागा. ब्रोकिंग कंपनीत आहातच, तर संशोधन विभागात कोणाला तरी ते वाचायला देता येईल; त्या विभागात पुढे जायचे असेल तर एनआयएसएमची (राष्ट्रीय रोखे बाजार संस्थेची) रिसर्च अॅनालिस्ट परीक्षा तशीही द्यावीच लागते. मात्र टिपण आधी, परीक्षा नंतर. नुसती परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांचे अर्ज त्यांच्याकडे पुष्कळ येतात.

---

खतावणी

पंप कंपन्या घेतल्यात तर सरकारी ग्राहकांकडची येणी वेगळी काढायला विसरू नका. पाणीपुरवठा योजनांची बिले मार्चनंतर बरेच महिने रेंगाळतात आणि ती बुडीत नसतात. हा भेद टिपणात दिसला तर वाचणारा मान वर करून तुमचे नाव विचारेल. शीट तयार झाली की इथे टाका. आकडे जुळतात का ते मी पाहीन.